चूप म्हणजे राजी

बहिऱ्या माणसानं समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घ्यावं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो चंद्रपूर जिल्ह्यात कधी आलेला नसावा. आमच्याकडे दर दुसऱ्या तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. माणूस बोलतो ते खालचा ओठ पुढे काढून, हनुवटी वर करून, रस बाहेर सांडणार नाही अशा बेतानं. चांगले कान असलेल्यालाही त्यातलं निम्मंच कळतं. माझी थोरली बहीण, जिला मी आपा म्हणते, जन्मापासून बहिरी. आणि तिनं राजुऱ्यात राहून लोकांचे ओठ वाचावेत असा आमच्या अब्बांचा हट्ट होता.

अब्बांचं गादी-रजईचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा, आणि दोन्हीकडे सारखाच उडणारा कापूस. आमच्या डाळीत, केसांत, वह्यापुस्तकांत कापूस असायचा. मी लहान असताना अब्बा कमानीनं कापूस पिंजायचे, पुढे विजेवरचं मशीन आलं. आपा रजयांना टाके घालायची. मशीनचा पट्टा सैल झाला की ते अब्बांच्या आधी तिला कळायचं, कारण ती बसायची ती लाकडी फळी वेगळी थरथरायची. टाका अर्धा सोडून ती उठायची आणि सरळ बटण बंद करायची. अब्बा आधी चिडायचे, मग पट्टा बघून गप बसायचे.

आमच्या घरची बोली म्हणजे थोडी उर्दू, थोडी हिंदी आणि उरलेली राजुऱ्याची मराठी. इथं मी ती उरलेलीच लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल व्हायचे.

आपा लहानपणीच जिल्ह्याच्या गावी मूकबधिर मुलांच्या वसतिशाळेत गेली. पहिल्या सुटीत तिला आणायला गेलेल्या अब्बांना तिथल्या गुरुजींनी बजावलं, "घरी हातवारे करू देऊ नका. हात चालले की जीभ बसते." त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच सांगत. अब्बा चौथी शिकलेले. शिकलेल्या माणसाचं ते वाक्य त्यांनी ताईत बांधावा तसं बांधून घेतलं. घरी येऊन त्यांनी मिशी साफ उतरवली, म्हणजे पोरीला ओठ दिसावेत. आणि खर्रा सोडला. ज्यानं राजुरा पाहिलाय त्यालाच कळेल की मिशी उतरवणं काहीच नाही, पण खर्रा सोडणं म्हणजे केवढी गोष्ट. मित्रांनी चेष्टा केली, कोणी विचारलं, "काऊन भाऊ, डॉक्टरनं सांगतलं का?" अब्बा नुसते हसायचे, आणि हसताना ओठ आपाला नीट दिसताहेत ना तेही बघायचे.

रोज संध्याकाळी ते तिला आरशासमोर बसवून "अब्बा" म्हणायला शिकवत. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवत. बऱ्याच सुट्या गेल्यावर तिच्या तोंडून "अप्पा"सारखं काहीतरी निघालं, तेव्हा त्यांनी गल्लीभर जिलबी वाटली. पण गाडी त्यापुढे हलली नाही.

घरात आमच्या आपल्या खुणा होत्या. अम्मीची खूण म्हणजे नाकपुडीवर बोट, कारण तिची चमकी. माझी खूण फुगवलेला गाल, आणि त्याबद्दल मी आपाला अजून माफ केलेलं नाही. अब्बांची खूण कमान ओढल्यासारखा हात. 'हो' म्हणायचं तर मूठ छातीवर टेकवायची, 'नाही' म्हणायचं तर तीच मूठ उघडून झटकायची. अम्मीचं आणि माझं यावर छान भागायचं. अब्बांना या साऱ्या खुणा येत होत्या, पण ते हात मांडीखाली घालून बसायचे. बाजारात आपानं काही सांगायला हात उचलला की तो हात ते आपल्या हातात घेत आणि तसाच धरून चालत. बघणाऱ्याला वाटावं, काय लाड आहेत लेकीचे! आपासाठी मात्र तो तोंडावर ठेवलेला हात होता. ती सोडवून घ्यायची नाही. खाली बघत चालायची.

तिला सगळे मुकी गाय म्हणत. मलाही ती तशीच वाटे. शांत, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मी नववीत असतानाची गोष्ट. आपाची शाळा केव्हाच संपली होती. रजईच्या खोळींचं कापड आणायला ती महिन्याकाठी चंद्रपूरला जायची. तरणी पोरगी, त्यात बहिरी, म्हणून सोबत कोणीतरी हवं. त्या खेपेला अम्मीचे गुडघे धरले होते, म्हणून मला धाडलं. कापड घेऊन झालं आणि आपा बसस्थानकाकडे निघाली. पण ती राजुऱ्याच्या फलाटाकडे न वळता मला ओढत चहाच्या टपरीमागे घेऊन गेली. तिथं दिव्याच्या खांबाखाली माणसांचा एक गोल उभा होता.

कोणी बोलत नव्हतं, आणि सगळे एकदम बोलत होते. मला आधी दिसले ते नुसते हात. कामगार, कॉलेजात जाणारी पोरं, साडीतल्या बायका, एक पांढऱ्या केसांचे आजोबा. कडेवर तान्हं पोर घेतलेली एक बाई एकाच हातानं बोलत होती आणि तरी कोणाला हार जात नव्हती. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी मधल्यांच्या डोक्यावरून गप्पा मारत होता. आपल्याला हे जमत नाही, आपले आवाज एकमेकांत अडकतात. इथं चार-चार गोष्टी एकमेकींना ओलांडून जात होत्या आणि कोणाचं कोणामुळे अडत नव्हतं. मागे एसट्यांचे भोंगे, कंडक्टरांची बोंब, शेंगदाणेवाल्यांचा कालवा. या गोलाला त्याचा पत्ताच नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बसस्थानकात निवांत बोलायला जागा सापडलीय ती यांनाच.

मग आपा गोलात शिरली, आणि माझी मुकी गाय गेली ती गेलीच. तिनं आमच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगायला घेतला. गादी मऊ झाली का बघतो म्हणून तो तिच्यावर आडवा झाला आणि थेट घोरायला लागला, हे घरी आम्हाला माहीत होतं. पण आपानं तो माणूस करून दाखवला. मग त्याच्या पोटाखाली दबत जाणारी गादी झाली. मग त्याला उठवावं की नाही या पेचात पडलेले अब्बा झाली, एक हात पुढे, एक हात मागे. आणि शेवटी, खरं सांगते, त्याच्या नाकासमोर घोरण्यानं वरखाली होणारा कापसाचा पुंजका झाली. पांढऱ्या केसांचे आजोबा खांबाला धरून हसत होते. आपा स्वतःही हसत होती, घरी कधीच न ऐकलेल्या मोकळ्या, खरखरीत आवाजात. मी कापडाचं गाठोडं पोटाशी धरून आ वासून उभी होते. या बाईबरोबर मी जन्मापासून एका ताटात जेवत होते, आणि ती कोण आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दिवे गेले. लोडशेडिंगचे दिवस होते. काळोख पडला आणि सगळ्यांचं बोलणं मध्येच तुटलं. मी घाबरले, मला वाटलं आता काय करणार हे लोक? कोणीच घाबरलं नाही. आपानं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या मुलीच्या तळव्यावर बोलायला सुरुवात केली. जो तो शेजाऱ्याच्या तळव्यावर बोलत, हात न सोडता, अख्खा गोल हळूहळू सरकत गडचिरोलीच्या गाडीपुढे आला. ड्रायव्हर ओळखीचा असावा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं, "गाडी सुटाची वेळ होऊन राह्यली बाप्पा," असं आमच्यातल्या ऐकू येणाऱ्या एकटीला म्हणजे मला सांगितलं, आणि दोन्ही मोठे दिवे लावून तो बसून राहिला. त्या उजेडात हात पुन्हा उडाले. भिंतीवर त्यांच्या सावल्या पडल्या, माणसांपेक्षा मोठ्या.

त्याच गोलात एक तरुण होता. बल्लारपूरचा, सागवानी दारांवर नक्षी कोरणारा. त्याची खूणही तीच होती, तळव्यावर बोटं पटाशीसारखी ठेवून वरून ठोकायची. आपाच्या गोष्टीवर सगळे हसले तेव्हा तो हसला नाही. डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिला. नववीत असले तरी मला एवढं कळत होतं.

दोन वर्षांनी त्याच्या आईनं रीतसर आपाला मागणी घातली. आईला ऐकू येत होतं, ती बोलायला फटकळ होती आणि अम्मीला पहिल्या भेटीतच आवडली. मुलगा आमच्या बिरादरीतला, कमावता, निर्व्यसनी. नाही म्हणायला जागाच नव्हती. अब्बा नाही म्हणाले.

"दोघंही असे. दाराशी कोणी मेलं तरी कळनार नाई. लेकरू रडलं तं कोण ऐकन? मले नाई पाह्यजे असा संसार." ते हे मोठ्यानं, आपाच्या समोर बोलले, आणि आपानं त्यांच्या उतरवलेल्या मिशीखालचा शब्द न् शब्द वाचला.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अम्मीला आणि मला बसमध्ये घातलं आणि बल्लारपूरला तिच्या मैत्रिणीकडे नेलं. तिथं नवराबायको दोघंही बहिरे, पदरात नऊ-दहा महिन्यांचं ऐकणारं मूल. दाराबाहेर एक दोरी लोंबत होती. आपानं ती अम्मीला ओढायला लावली. आतल्या खोलीत छताला टांगलेली लाल ओढणी फडफडली आणि मैत्रीण हसत दारात आली. अम्मीनं ती दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली, लहान पोरीसारखी. बाळ झोपलं होतं आणि त्याच्या पायाला बांधलेली मऊ सुताची दोरी आईच्या मनगटाला होती. रडायच्या आधी मूल पाय झाडतं, हे दोन लेकरं वाढवलेल्या अम्मीला ठाऊकच होतं, पण त्याचा असा उपयोग तिला सुचला नसता.

आणि मग ते बाळ उठलं. रडलं नाही. आईकडे बघितलं आणि इवलीशी मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. आईनं लगेच त्याला पदराखाली घेतलं. अम्मीनं तोंडावर हात ठेवला. "या अल्ला," ती म्हणाली, "अजून याले मा म्हनता येत नाई, आनि हा दूध मांगून राह्यला!" आमच्यातलं कुठलंच मूल त्या वयात किंचाळण्यापलीकडे काही मागू शकलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये अम्मी खिडकीबाहेर बघत आपली मूठ उघडत-मिटत होती. तिचं मन तिथंच पक्कं झालं.

अब्बांना तिनं कसं वळवलं ते तिलाच माहीत. आठवडाभर दुकानात कापूस उडत होता आणि घरात भांडी वाजत होती. शेवटी अब्बा म्हणाले, "करा मंग तुमच्या मनचं." हे ते अम्मीला म्हणाले. आपाला काहीच म्हणाले नाहीत.

आपाची अडचण तिथं सुरू झाली. तिला त्याच मुलाशी लग्न करायचं होतं, पण बापाचा होकार घेऊन, स्वतः, समोरासमोर. ती दुकानात त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची. तळव्यावर पटाशी ठोकायची, स्वतःकडे बोट करायची, मग त्यांच्याकडे, मग भुवया वर. अब्बा म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे," आणि मशीनकडे वळायचे. तुम्ही आरशासमोर "ठीक आहे" म्हणून बघा. ओठांवर काहीच दिसत नाही. नुसतं तोंड जरा उघडतं, माणूस जांभई देतोय की होकार, काय कळणार? हातानं एक मूठ छातीवर टेकवायची, एवढंच काम होतं. अब्बांनी ते केलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात वर धरून बसलेल्या आपानं मला कोपरानं ढोसलं आणि मेंदी पुसणार नाही अशा बेतानं दोन बोटांत सांगितलं, अब्बा अजून हो म्हणाले नाहीत. मी म्हटलं, म्हणतील. तिनं मान फिरवली.

निकाह दुपारच्या नमाजनंतर होता. उन्हाळा, गल्लीत मांडव, चुलींवर बिर्याणीच्या डेगी चढलेल्या. बल्लारपूरहून वरात आली तिच्यातले निम्मे लोक बहिरे. राजुऱ्यानं असली वरात पाहिली नव्हती. बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलाला चार-पाच जण तळवे आणि पोटं लावून उभे, आणि ढोलाबरोबर अगदी तालात नाचणारे. बँडमास्तर आधी वैतागला, मग इतका खूश झाला की ठरल्यापेक्षा जास्त वाजवत बसला.

आत खोलीत आपा बायकांच्या गराड्यात. आमच्यात नवरी मान खाली घालून, लाल ओढणी पार मांडीपर्यंत ओढून बसते. ऐकू येणाऱ्या मुलीचं त्यानं फारसं बिघडत नाही, बाहेर काय चाललंय ते कानावर पडत राहतं. आपाला मात्र विहिरीत सोडल्यासारखं झालं होतं. ना माणूस दिसत होता ना हात. ती माझं मनगट घट्ट धरून बसली होती.

रिवाज असा की निकाहाआधी मुलीच्या वतीनं बोलणारा एक वडीलधारा, ज्याला वकील म्हणतात, दोन साक्षीदार घेऊन आत येतो आणि तिची परवानगी विचारतो. आमचे मामू वकील होते. मुलीला लाजेनं बोलवत नाही हे धरून चालतात. ती चूप राहिली की एखादी बाई सांगते, चूप म्हणजे राजी, आणि मंडळी बाहेर जातात. माझ्या साऱ्या चुलत-मावस बहिणींचे निकाह असेच झाले. मामू आले, खाकरले, मुलाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव घेऊन खणखणीत आवाजात विचारलं, "कबूल आहे?" ओढणीखाली काही हललं नाही. हलणार कसं? तिला मामू आलेत हेच माहीत नव्हतं. खाला, म्हणजे आमची मावशी, म्हणाली, "चूप आहे. राजी आहे." मामूंनी मान डोलावली आणि वळले.

मी आपाचा तळवा उघडला आणि बसस्थानकावर पाहिलं होतं तसं त्याच्यावर बोटानं सांगितलं. विचारलं. तू हो म्हणालीस. झालं.

आपा उठली. ओढणी मागे फेकली, जरीची टिकली माझ्या डोळ्यात गेली, आणि मामू उंबरठा ओलांडायच्या आत ती दारात आडवी उभी राहिली. बायका "हाय अल्ला" म्हणून ओरडल्या. आपानं दोन्ही हात, कोपरापर्यंत रंगलेले, छातीसमोर धरले आणि मिटून घेतले. बोलणार नाही. असं नाही बोलणार.

"बोलत नाई म्हनते," कोणीतरी म्हणालं. पडद्यापलीकडे ते पोचेपर्यंत "पोट्टी नाई म्हनते" झालं होतं. मांडवात एकदम गलका. मामू कपाळाचा घाम पुसत मला म्हणाले, "काय झालं तिले? आता काऊन नाटक करून राह्यली?" मी म्हटलं, "नाटक नाई मामू. तिले कोनी विचारलंच नाई. पडदा पाडून हात दिसते का?" पडद्याच्या फटीतून मला नवरा दिसत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो भोवतालच्यांची उतरलेली तोंडं एकेक करून वाचत होता आणि पांढरा पडत चालला होता. त्याची आई त्याच्याकडे धावली.

काझीसाहेब म्हातारे होते, आवाज बारीक, पण त्यांनी हात वर केला तसा मांडव शांत झाला. "चूप म्हनजे राजी, हे बोलता येते त्या पोरीसाठी," ते म्हणाले. "जिची बोलीच हात आहे, तिची चुप्पी कशी धरता? मुक्याचा इशारा म्हनजे त्याचा बोल. तो डोयानं पाहा लागते. पडदा सारा. तिच्या भाषेत विचारनारं कोन आहे?"

मी पुढे झाले असते. पण आपा माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं कमान ओढल्यासारखा हात केला.

अब्बा मांडवाच्या खांबाजवळ होते. लोकांनी वाट दिली. ते पडद्याजवळ आले, नवा कुर्ता, दाढीवर अत्तर, आणि ओठ अगदी मोठे करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "क-बू-ल आ-हे?" आपानं नाही अशी मान हलवली आणि त्यांच्या हातांकडे बोट केलं.

ते मागे वळून बघू लागले. अख्खी गल्ली तिथं होती. बाजारातले मित्र, नमाजचे सोबती, कापडाचे व्यापारी, बायका, पोरं. ज्यांच्यादेखत त्यांनी आयुष्यभर तिचे हात धरून ठेवले होते, ते सगळेच. अब्बांचे हात कुर्त्याच्या खिशाशी घुटमळले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, तू विचार.

अब्बांनी डावा तळवा उघडला. उजव्या हाताची बोटं त्याच्यावर टेकवली आणि ठोकली. नक्षीवाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या मुलाची खूण केली. मग आपाकडे बोट. मग भुवया वर. त्यांचे हात अडखळत होते, लहान पोराच्या पहिल्या अक्षरांसारखे, पण बरोबर होते. मांडवात वरातीकडच्या बहिऱ्या पाहुण्यांमध्ये एक हालचाल झाली. ते सगळे टाचा उंच करून बघत होते, कारण आता त्यांना कळेल असं काहीतरी तिथं बोललं जात होतं, आणि ते बोलत होता नवरीचा बाप.

काझीसाहेबांनी विचारलं, "काय म्हनते?"

आपानं उत्तर दिलं नव्हतं. तिनं अब्बांचाच प्रश्न उचलला आणि उलटा केला. तळव्यावर पटाशी ठोकली, स्वतःकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे, आणि भुवया वर करून थांबली.

"काय म्हनते?" काझीसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"मलेच विचारते," अब्बा म्हणाले. "म्हनते, तुमाले कबूल आहे का?"

कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप केलं. मामूंनी "आता हे काय नवीन" असं काहीतरी सुरू केलं, पण काझीसाहेब म्हणाले, "मंग देऊन टाका ना भाऊ उत्तर. पोरगी थांबली आहे."

मी असा क्षण पुन्हा पाहिलेला नाही. निकाहात मुलीला विचारतात, मुलाला विचारतात. मुलीनं भर मांडवात बापाला विचारलेलं मी कुठं ऐकलंही नाही. आपा दारात उभी होती, डोक्यावर ओढणी नाही, डोळ्यांत पाणी नाही, आणि सारं गाव तिच्यासाठी थांबलं होतं. ज्या पोरीला आम्ही मुकी म्हणायचो तिनं कोणालाही बोलायला जागा ठेवली नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

अब्बांनी मूठ वळली आणि छातीवर टेकवली.

आपानं ती बघितली आणि बोट गोल फिरवून सांगितलं, पुन्हा.

तिला कळलं नव्हतं असं नाही. अब्बांनी पुन्हा केलं, या वेळी हात वर उचलून, मागच्या रांगेतल्यांनाही दिसेल असं, आणि मूठ छातीवर इतक्या जोरात टेकवली की तिचा आवाज मला ऐकू आला. ते रडत होते आणि पुसायला हात खाली घेत नव्हते.

मग आपानं आपली मूठ छातीवर टेकवली.